गुजरीतली हत्यारे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत अहमदाबाद येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी आम्हांस बोलण्याची गळ घातली, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, तीस वर्षे केंद्र सरकारच्या सेवेत काढलेला मनुष्य प्रशासनाविषयी चार अनुभवाचे शब्द सांगेल. परंतु प्रशासनाविषयी सेवेत असताना बोलू नये असा नियम आहे, आणि निवृत्त झाल्यावर बोललेले कोणी ऐकत नाही असा अनुभव आहे. या दोहोंच्या मध्ये सापडलेल्या माणसाने आपल्या छंदाकडे वळावे हे बरे. म्हणून आज आम्ही जुन्या बाजारात मिळणाऱ्या हातहत्यारांविषयी बोलणार आहोत. रंधे, करवती, पटाश्या, पाने, कानशी. आमच्या सौभाग्यवती या संग्रहाला 'भंगार' असे सुटसुटीत नाव देतात. वजनाच्या आणि किमतीच्या दृष्टीने पाहता ते नाव अगदीच चुकीचे आहे असे म्हणता येणार नाही.

प्रथमच एक कबुली देऊन ठेवतो. आमचे शिक्षण बी. ए. पर्यंतचे, तेही इतिहास विषय घेऊन. आयुष्यभर आमच्या हातांनी लेखणी, शिक्का आणि फायलीची नाडी यांखेरीज काहीही धरले नाही. भिंतीत सरळ खिळा ठोकणे आम्हांस वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत साधले नव्हते. तेव्हा हे भाषण कारागिराचे नव्हे. कारागिराच्या दारात उशिरा येऊन उभ्या राहिलेल्या एका कारकुनी माणसाचे आहे.

आपल्यापैकी पुष्कळांनी गुजरी बाजार पाहिला असेल, आणि ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी नाक मुरडून पाहिला नसेल. अहमदाबाद शहर सुलतान अहमदशहाने १४११ साली वसवले. त्याच्याच काळात हा बाजार सुरू झाला अशी परंपरा आहे. साबरमतीकाठी एलिस पुलाजवळ तो १९५४ पासून भरतो. नदीकाठाची नवी आखणी झाल्यावर, २०१४ पासून, त्याला बांधीव ओटे लाभले. दिवस रविवारचा. खाटा, कोंबड्या, जुने कपडे, शाळेची पुस्तके, पितळेची भांडी, दारांच्या चौकटी असा सारा संसार तेथे रस्त्यावर मांडलेला असतो. त्यातच लोखंडाची एक ओळ लागते. गोणपाटावर गंजलेल्या वस्तूंचे ढीग, आणि ढिगामागे उकिडवा बसलेला विक्रेता. "आ तो लोखंड छे, साहेब," असे तो म्हणतो, आणि भाव वजनावर सांगतो.

या ढिगांत एवढी हत्यारे येतात कोठून? त्याचे उत्तर याच शहराच्या इतिहासात आहे. रणछोडलाल छोटालाल यांची पहिली कापडगिरणी येथे १८६१ साली सुरू झाली आणि पुढे शंभर वर्षे या शहराचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर उजाडला. प्रत्येक गिरणीत सूत आणि माग यांच्याइतकेच फिटर, सुतार आणि लोहार असत, कारण बिघडलेला माग दुरुस्त करण्यास मँचेस्टरहून कोणी येणार नव्हते. १९८० आणि १९९० च्या दशकांत एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. यंत्रे मोडीत गेली, जमिनी विकल्या गेल्या, आणि फिटरच्या पेटीतले पाने, टॅप, डाय आणि कानशी हळूहळू गुजरीत उतरल्या. कामगार वारला की त्याची पेटी माळ्यावर जाते. माळा रिकामा करण्याची वेळ आली की ती नदीकाठी येते. गुजरीतला प्रत्येक ढीग म्हणजे कोणा ना कोणाच्या संपलेल्या नोकरीचा हिशेब होय.

आमच्या पहिल्या खरेदीची हकीकत मोठी लज्जास्पद आहे. आम्ही तेथे गेलो होतो जुने शब्दकोश शोधण्यास. परतताना एका ढिगात एक जाडजूड पटाशी दिसली. तिच्यावर इंग्रजीत 'कास्ट स्टील' असे ठोकलेले होते. ते वाचून आम्ही शेजारच्या गृहस्थांस मोठ्या अधिकाराने सांगितले की, ही ओतीव लोखंडाची दिसते, टिकायची नाही. ढिगामागच्या म्हाताऱ्याने काही न बोलता ती उचलली, दगडावर चार वेळा फिरवली आणि तिने आपल्या मनगटावरचे केस उतरवून दाखवले. आम्ही मुकाट्याने साठ रुपये मोजले.

घरी येऊन वाचू लागलो, तेव्हा आमच्या अज्ञानाची खोली ध्यानात आली. 'कास्ट स्टील' म्हणजे ओतीव लोखंड नव्हेच. ते मुशीत वितळवून केलेले पोलाद. इंग्लंडात त्याची रीत बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने १७४० च्या दशकात बसवली, कारण घड्याळाच्या स्प्रिंगांसाठी त्याला एकजीव पोलाद हवे होते. त्यावर शेफील्ड शहर मोठे झाले, आणि तेथील पटाश्यांवर हे दोन शब्द अभिमानाने ठोकले जाऊ लागले. जुनी पटाशी उतारावर घासून उजळली की तिच्यात दोन थर वेगळे दिसतात. खाली पोलादाचा पातळ कठीण थर, वर मऊ लोखंड. धार कठिणाने धरायची आणि घाव मऊने सोसायचा. संसाराचेही सूत्र बहुधा हेच असावे.

परंतु आम्हां इतिहासाच्या विद्यार्थ्यांस खरा धक्का पुढेच होता. मुशीतले पोलाद दक्षिण भारतात हंट्समनच्या कितीतरी शतके आधी होत होते. त्याला 'उक्कू' म्हणत. इंग्रजांनी त्याचा 'वुट्झ' केला. तेलंगणातील कोनसमुद्रमसारख्या गावांतून ते इराणपर्यंत जाई, आणि दमास्कसच्या म्हणून गाजलेल्या तलवारींची कीर्ती अशाच पोलादावर उभी होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस डॉ. हेलेनस स्कॉट यांनी आपल्या मुंबईहून या पोलादाचे नमुने लंडनला धाडले, आणि १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवर रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. म्हणजे साठ रुपयांच्या त्या पटाशीने आम्हांस शेफील्डमार्गे तेलंगणात आणि तेथून मुंबईत आणून सोडले. बी. ए. च्या तीन वर्षांत एवढा प्रवास घडला नव्हता.

तेव्हापासून रविवार सकाळ गुजरीला वाहिली गेली. हळूहळू दृष्टी तयार झाली. बर्मिंगहॅमची रेबोन ही कंपनी १७८४ सालची. तिची पितळी बिजागरीची, घडी घालण्याची लाकडी फूटपट्टी आमच्याजवळ आहे. आपल्या देशात दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने तो लागू झाला. त्याबरोबर अशा असंख्य पट्ट्या अडगळीत गेल्या. तरीही आजचा सुतार, हातात मीटरची टेप असताना, "दोन सूत कमी करा" असेच म्हणतो. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. कायद्याने पट्टी बदलली, पण जिभेवरचे माप बदलायचे राहून गेले.

लोखंडी रंध्याची कथा अशीच. आपल्याकडचा पारंपरिक रंधा लाकडी. त्याचे पाते पाचर ठोकून घट्ट करायचे आणि हातोडीच्या अंदाजाने खालीवर करायचे. लेनर्ड बेली या अमेरिकन गृहस्थाने एकोणिसाव्या शतकात असा लोखंडी रंधा सिद्ध केला की, पात्यामागचे पितळी चाक फिरवताच पाते केसभर पुढे किंवा मागे व्हावे. १८६९ साली स्टॅन्ली कंपनीने त्याचा व्यवसाय घेतला, आणि आज दीडशे वर्षांनंतरही रंध्याची घडण जवळपास तीच आहे. ज्या वस्तूत दीडशे वर्षांत सुधारणा करण्यासारखे फारसे सापडले नाही, अशी दुसरी वस्तू आमच्या कचेरीत तरी नाही.

पण या छंदाने आम्हांस सर्वांत मोठा लाभ झाला तो भाषेचा. वाकस, पटाशी, किकरे, सामता, गिरमिट, गुण्या, ओळंबा, कानस, सांडशी. हे शब्द आमच्या मुलांस ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर दोन-तीनांपुढे आम्हांसही नव्हते. जन्मभर मराठीचा अभिमान वाहिला, पण आपल्या भाषेतली एक अख्खी आळीच आम्ही कधी पाहिली नव्हती. 'प्रश्न ऐरणीवर येणे' असे टिपणीत लिहिताना ऐरण कशी असते हे मनात कधी आले नाही. आणि 'पाचर मारणे' हा वाक्प्रचार तर सरकारी नोकरीत शेकडो वेळा ऐकला, क्वचित त्याचा प्रयोगही केला, परंतु खरी पाचर पाहिली ती गुजरीत, एका जुन्या लाकडी रंध्यात.

त्या पाचरेपाशी आता थोडे थांबावे लागेल. कारण हा छंद आम्हांस का लागला, याचे जे कारण आम्ही लोकांस सांगतो ते शब्दकोशाचे. खरे कारण याहून जुने आहे. ते आम्ही आजवर चारचौघांत सांगितलेले नाही.

१९९६ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा मध्य भारतातील एका गावी कनिष्ठ अधिकारी होतो. कचेरीला जोडून एक लहानशी सुतारशाळा होती. खोकी, टेबले, कपाटे तेथे बनत. बाहेरून तयार सामान घेणे स्वस्त पडते असे ठरले आणि सुतारशाळा बंद झाली. हत्यारांच्या निर्लेखनासाठी तिघांची समिती नेमली गेली, आणि तिचे सर्वांत धाकटे सदस्य आम्ही. यादी आमच्याच अक्षरात आहे: लोखंडी रंधे सात, करवती अकरा, पटाश्या निरनिराळ्या तेवीस, गिरमिटे नऊ. शेरा: निरुपयोगी, भंगार म्हणून लिलावास योग्य.

शाळेचे मिस्त्री विदर्भातले, मराठी. निवृत्तीला दोन वर्षे उरलेली. त्यांना दुसऱ्या विभागात चौकीदारीचे काम दिले होते. एके दुपारी ते आमच्या खोलीत आले, आणि परमुलुखातल्या कचेरीत दोन मराठी माणसे भेटली म्हणजे जो आवाज लागतो त्या आवाजात म्हणाले, "साहेब, त्यातला एक रंधा मला भंगाराच्या भावानं द्या. एकवीस वर्षं हातात आहे." रंध्याच्या मुठीच्या आतल्या अंगाला त्यांनी आपली खूण ठोकलेली होती, तीन टिंबे आणि खाली एक आडवी रेघ.

आम्ही सांगितले की, तसे करता येत नाही. यादीतली वस्तू कर्मचाऱ्यास परस्पर देता येत नाही, सर्व माल एकत्रच लिलावात जातो. आमचे म्हणणे नियमास धरून होते. त्यांनी मान हलवली आणि ते गेले.

लिलावाच्या आदल्या दिवशी मोजदादीसाठी आम्ही सुतारशाळेत गेलो, तेव्हा मिस्त्री जमिनीवर बसले होते आणि त्यांच्यापुढे सारी हत्यारे ओळीने मांडलेली होती. प्रत्येक पाते त्यांनी दगडावर घासून धारेस आणले होते. करवतींचे दात कानशीने लावले होते. मुठींना तेलाचा हात फिरला होता. आम्ही हसून विचारले, "मिस्त्री, भंगारात घालायच्या हत्यारांना धार कशाला?"

ते म्हणाले, "दुसऱ्याच्या हाती देताना हत्यार बोथट देऊ नये, साहेब."

दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर तो सारा माल एका ठेकेदाराने उचलला. पावतीवर आमची सही आहे.

पुष्कळ वर्षांनी, अधिकार वाढल्यावर आणि नियमांचे पुस्तक पाठ झाल्यावर, आमच्या ध्यानात आले की, त्या दिवशी करण्यासारखे पुष्कळ होते. मालाचे लहान लहान वाटे पाडावेत अशी शिफारस करता आली असती. लिलावाची तारीख मिस्त्रींना आधी सांगता आली असती, म्हणजे त्यांनी इतरांसारखीच उघड बोली लावली असती. वरिष्ठांना एक ओळ लिहून विचारता आले असते. फार तर नकार आला असता. नियमाने आम्हांस अडवले नव्हते. आम्हीच नियमाच्या आडोशाला उभे राहिलो होतो. रंध्यातली पाचर पाते जागच्या जागी धरून ठेवते. ती आहे म्हणून रंधा चालतो. आमच्या हातची पाचर मात्र एका माणसाचे काम थांबवण्यापुरतीच उपयोगी पडली.

पुढे आमची बदली झाली. मिस्त्रींचे काय झाले याचा शोध आम्ही घेतला तो फार उशिरा, आणि तो लागला नाही. आता आपल्या ध्यानात येईल की, हैदराबादच्या जुम्मेरात बाजारात असो, पुण्याच्या जुन्या बाजारात असो की येथल्या गुजरीत असो, हाती आलेला प्रत्येक लोखंडी रंधा आम्ही प्रथम उलटा करून मुठीचा आतला अंग का पाहतो. तीन टिंबे आणि आडवी रेघ आजवर कोठेही सापडलेली नाही. पण या शोधात दुसऱ्या शेकडो खुणा सापडल्या. आद्याक्षरे, स्वस्तिक, चंद्रकोर, फुली, एका हातोडीवर तर वेड्यावाकड्या अक्षरांत नुसता 'मा'. ज्या माणसांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत, त्यांनी आपल्या अस्तित्वाची नोंद एवढ्याच जागेत केली आहे. इतिहासाचे साधन म्हणून आम्हांस ती ताम्रपटाहून कमी वाटत नाही.

असो. संग्रह दोन प्रकारे करता येतो. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर जमवून आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभे केले. आपल्या अहमदाबादेत सुरेंद्र पटेल यांनी भांड्यांचे 'वेचार' संग्रहालय १९८१ साली उभारले. ही मोठी कामे होत, आणि ज्या वस्तूंचा उपयोग संपला त्यांना तोच आश्रय योग्य. परंतु हत्याराचा उपयोग संपलेला नसतो. गंज वरवरचा असतो. रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवावे, चिंचेच्या कोळाने घासावे, स्वच्छ धुऊन लगेच कोरडे करावे आणि तेलाचा हात द्यावा. बहुतेक पोलाद खालून जिवंत निघते. मुठीला जवसाचे तेल चोळावे. मात्र तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ते आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून, पसरून वाळवावेत. आणि जुन्या मुठीवर अंगठ्याने पाडलेली खोलगट जागा असते, ती कधीही घासून सपाट करू नये. तो भाग त्या हत्याराच्या मालकाचा आहे.

यातूनच आमच्या संग्रहाचा एकमेव नियम ठरला, आणि या वेळी तो आम्ही स्वतः केला आहे. जो काम करणार असेल, त्याने मागितलेले हत्यार त्याला द्यायचे, आणि देताना धार लावून द्यायचे. गेल्या वर्षी आपल्या सभागृहाच्या खिडक्या दुरुस्त करण्यास आलेल्या तरुण सुताराने ती 'कास्ट स्टील'ची पटाशी हातात घेऊन दोन वेळा उलटसुलट केली. काही मागितले नाही. पण तिला परत ठेवताना त्याचा हात जरा रेंगाळला. ते रेंगाळणे आम्ही एकदा पाहिले होते. ती पटाशी आज त्याच्याकडे आहे. सौभाग्यवतींच्या मते या नियमामुळे घरात थोडी जागाही झाली.

आता शेवटचे. मंडळाच्या कोठीत एक लाकडी पेटी आहे, हे आपल्यापैकी जुन्या मंडळींस आठवत असेल. तिच्यात दोन हातोड्या, एक करवत, एक गुण्या आणि खिळ्यांचा डबा आहे. पन्नास वर्षांपूर्वी, मंडळाच्या पहिल्या गणेशोत्सवाचे मखर आणि व्यासपीठ सभासदांनी स्वतःच्या हातांनी उभे केले, ते याच हत्यारांनी. त्यांत बँकेतले होते, टपालखात्यातले होते, प्राध्यापक होते. व्यासपीठ एका बाजूला कलले होते आणि त्यावर नाटकही झाले, असे तेव्हाचे सभासद सांगतात. आता मखर कंत्राटदार आणतो. ते कलत नाही, आणि कोणाच्या आठवणीतही राहत नाही.

पूर्वपरवानगीवाचून, सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून, आम्ही ती पेटी घरी नेली होती. हत्यारे साफ केली आहेत, करवतीला दात लावले आहेत. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. त्या दिवशी ही पेटी उघडावी, हळदकुंकू वाहावे, आणि दसरा झाला की मुलांच्या हाती द्यावी. पुढल्या वर्षीचे मखर त्यांनी करावे. ते वाकडे होईल. होऊ द्यावे. त्या निमित्ताने गुण्या, ओळंबा आणि पाचर हे शब्द त्यांच्या तोंडी बसतील, आणि तेही कोशातून नव्हे, बोटाला लागलेल्या टाक्यातून बसतील.

पेटी बाहेर, दाराशी ठेवली आहे. जाताना अवश्य पाहावी. फक्त मुलांना जपून हाताळण्यास सांगावे. कारण हत्यारे बोथट दिलेली नाहीत.